वेशीबाहेरच्या अकरा घरांचं मायग्रेशन

"अगं, कुसुमचं घर कुठंय?"

सुनंदाताईंनी टेस्टिंगचा फोन डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून धरला. स्क्रीनवर आमच्या गेममधलं गाव होतं. तट होता, वेस होती, वेशीच्या आत बाजार, चावडी, देऊळ सगळं जागच्या जागी. वेशीबाहेर नवीकोरी नदी वाहत होती. दोन्ही काठांना हिरवंगार गवत, आणि गवतात छोट्या छोट्या पाट्या: 'प्लॉट विक्रीस उपलब्ध'.

अपडेट टाकायच्या आधी त्या गवताच्या जागी सुनंदाताईंची अकरा घरं होती.

"रेखाचं बी न्हाई. समदीच गेली की गं मयुरी!"

"ताई, ही कॉपी आहे. तुमच्या फोनमधलं सगळं शाबूत आहे," मी म्हणाले. आणि खोटं बोलायचं नव्हतं म्हणून पुढचंही बोलले, "अपडेट येईपर्यंत."

मी गेम टेस्टर आहे. गेम लोकांच्या हातात जाण्याआधी तो मोडून बघायचा, हे माझं काम. आमचं ऑफिस शिक्रापुरात, चाकण रस्त्याला, एका टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पुण्यातलं भाडं परवडत नाही म्हणून आमचे मालक विक्रमदादा यांनी ते इथं काढलं. ते मूळचे इकडचेच, न्हावऱ्याच्या बाजूचे बागायतदार. खालून ट्रेलर गेला की टेबलं हलतात. व्हिडिओ कॉलवर आम्ही सगळे कायम म्यूट असतो.

आमचा गेम मोबाइलवरचा, गाव वसवायचा. घर बांधा, विहीर खणा, झाडं लावा. तुम्ही खेळात जे जे केलं त्याची फोनमध्ये साठवलेली नोंद म्हणजे सेव्ह. आम्ही त्या गेमला एक्स्पान्शन काढत होतो. एक्स्पान्शन म्हणजे जुन्या गेमला जोडलेला नवा भाग: नवा नकाशा, नवी कामं. आमच्यात नदी येणार होती. जुनी सेव्ह नव्या भागात नेऊन बसवायची, याला मायग्रेशन म्हणतात. भाड्याची खोली बदलताना टेम्पोत सामान भरतो तसंच. एक कपाट जरी रस्त्यात राहिलं तरी टेम्पोवाला चोर ठरतो.

आमच्या टेम्पोनं अख्खी वस्ती रस्त्यात टाकली होती.

आता ही वस्ती वेशीबाहेर का, ते सांगते. वेशीच्या आत जागा घ्यायची तर मोहरा लागतात. मोहरा म्हणजे खेळातलं नाणं, आणि ते खरे पैसे भरून विकत घ्यावं लागतं. वेशीबाहेरचा माळ फुकट. तिथं दिवे नाहीत, रस्ते नाहीत, आम्ही तिकडं काही बनवलंच नव्हतं. पण बांधायला बंदीही नव्हती. मग ज्यांनी पैसे भरले नाहीत ते सगळे तिथं गेले आणि त्यांनी रस्तेसुद्धा स्वतःच पाडले.

सुनंदाताई मूळच्या दौंडकडच्या राहू गावच्या. इथल्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर कॉन्ट्रॅक्टवर आहेत, ऑफिसमागच्या चाळीत खोली घेऊन राहतात. आमची ओळख मेसमधली. कॉन्ट्रॅक्टवरच्या बायकांना कंपनी कायम होऊ देत नाही. काही महिने झाले की ब्रेक देते, आणि लाइनवरच्या मैत्रिणी चार दिशांना जातात. जी गेली तिच्या नावानं ताईंनी खेळात एक घर बांधलं होतं. आमच्या गेममध्ये कोड देऊन दुसऱ्याच्या गावात पाहुणं जाता येतं. त्या बायका रोज येत. कुणी चाकणवरून, कुणी दौंडवरून. स्वतःच्या दारातल्या झाडाला पाणी घालत, शेजारणीच्या दारात फूल ठेवत, आणि जात.

मेसमध्ये त्यांनी मला ही वस्ती कौतुकानं दाखवली, तेव्हाच मला आमच्या टेस्टची शंका आली. कारण आमच्या सगळ्या टेस्ट पहिल्याच फेरीत पास झाल्या होत्या. ज्या सेव्ह वापरून आम्ही टेस्ट घेतल्या, त्या ऑफिसातल्या लोकांच्या होत्या. ऑफिसात मोहरा फुकट. त्यामुळे आमच्या सगळ्यांची घरं वेशीच्या आत. बाहेर राहणारं आमच्यात कुणी नव्हतंच. म्हणून मी ताईंची सेव्ह मागितली होती, आणि सुट्टीच्या दिवशी त्या स्वतःच ऑफिसात आल्या होत्या.

त्यांचा आवाज ऐकून विक्रमदादा केबिनमधून बाहेर आले. त्यांनी फोन बघितला.

"हां, ते माळावरचं," ते म्हणाले. "ते ठरलेलंच आहे. ताई, काळजी नको. बाहेर घरं असलेल्या प्रत्येकाला आम्ही पाचशे मोहरा देणार आहोत. नुकसानभरपाई."

"पाचशेत आत किती घरं बसत्यात?" ताईंनी विचारलं.

दादा माझ्याकडं बघायला लागले.

"एक," मी म्हणाले.

"मंग साहेब, तुम्हीच सांगा. आत कुनाला घिऊ आन् कुनाला म्हनू तू घरी जा? कंपनीनं तेच केलं तर आमी शिव्या घालतो."

"अहो ताई, खेळ आहे हा."

"व्हय, खेळच हाय. जित्या मानसांचा हाय पन."

त्या चहासुद्धा न घेता गेल्या. मी इम्रानकडं वळले. मायग्रेशनची स्क्रिप्ट त्यानं लिहिली होती. स्क्रिप्ट म्हणजे कोणतं सामान कुठं ठेवायचं ते कॉम्प्युटरला सांगणारा हुकूम.

"मला सांगितलं तसं लिहिलंय," तो म्हणाला. "आधी नवा नकाशा टाकायचा. मग जुनी घरं बसवायची. जागा नसेल तर सोडून द्यायचं. माळावर प्लॉट काढलेत, म्हणजे जागा नाही. म्हणजे घर नाही."

"क्रम उलटा केला तर?"

"आधी घरं, मग नकाशा?" त्यानं मान खाजवली. "होईल. पण नदी वाकवावी लागेल. आणि प्लॉट कमी निघतील."

"नद्या वाकतातच," मी म्हणाले. "आमच्या कोरेगावात येऊन भीमा बघ."

मी दादांच्या केबिनमध्ये गेले.

"सही करत नाही," मी म्हणाले. आमच्याकडं टेस्टरनं होकार भरल्याशिवाय रिलीज होत नाही. त्याला सगळे सही म्हणतात.

"अगं, डेट दिलीय. बेंगळुरूला काय सांगू?" बेंगळुरूला आमची पब्लिशर कंपनी. गेम बाजारात आणायला पैसा तिचा, म्हणून तारीखही तिची.

"घरं पाडून रिलीज करणार नाही, असं सांगा."

"मयुरी, खरी घरं पाडतोय का आपण? तू प्रत्येक गोष्टीचं आंदोलन करतेस."

"खऱ्या गावात वेस कुठं बांधायची ते तुम्हाला-मला कुणी विचारलं नव्हतं, दादा. इथली वेस आपण बांधली. बाहेर कोण राहील ते आपण ठरवलं. आणि आता बाहेरचीच जागा विकायला काढली."

दादा म्हणाले, "तुझ्या सहीशिवायही मी सोडू शकतो. तुला माहितीय."

"सोडा. रिलीज नोट तेवढी माझ्याकडून घ्या."

प्रत्येक अपडेटसोबत 'नवीन काय' म्हणून चार ओळी जातात. त्या रिलीज नोट. ऑफिसात त्यातल्या त्यात मराठी बरं लिहिते म्हणून ते काम माझ्याकडं होतं. माझे वडील सुट्टीच्या दिवशी चळवळीच्या पुस्तिका विकतात. आमच्या घरात जेवायच्या आधी पत्रकांच्या घड्या घालाव्या लागत. त्यात एक शिस्त होती: विशेषणं कमी, आणि कोण काय करतंय ते सरळ लिहायचं. मी जागेवर बसून लिहिलं आणि दादांच्या टेबलावर ठेवलं:

'गावात नदी आली आहे. ज्यांनी पैसे भरून वेशीच्या आत जागा घेतली, त्यांची घरं आम्ही जशीच्या तशी ठेवत आहोत. ज्यांनी पैसे भरले नाहीत आणि वेशीबाहेर घरं बांधली, त्यांची घरं आम्ही पाडत आहोत. ती जागा आम्हाला विकायची आहे. पाडलेलं घर परत मिळणार नाही.'

दादांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे कसं टाकणार?"

"यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही गं. पण असं कुणी लिहितं का?"

"लिहायची लाज वाटते ते करायचं कशाला?"

"धमकी देतेस का?"

"मसुदा देतेय."

संध्याकाळी बेंगळुरूचा कॉल होता. पलीकडं रितिका मॅडम, पब्लिशरकडून आमचं काम बघणाऱ्या. दादांनी सगळं मांडलं. आमचं नाव न घेता, एक अडचण आलीय अशा सुरात. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजीत सांगितलं की फुकट खेळणारे आपलं गिऱ्हाईक नाहीतच. त्यांच्यासाठी डेट हलणार नाही. रिलीज नोटमध्ये 'किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा' एवढं लिहा, वाचतं कोण?

खाली ट्रेलर गेला. टेबल हललं. मला वाटलं, संपलं.

दादांनी म्यूट काढला आणि माझा कागद वाचायला घेतला. एकेक वाक्य इंग्रजीत करून. 'ती जागा आम्हाला विकायची आहे' इथं ते जरा अडखळले, पण वाचलं. शेवटपर्यंत.

"विक्रम, तुम्ही हे पब्लिश करणार आहात?"

"मॅडम, घरं गेल्यावर लोक हेच लिहिणार. स्क्रीनशॉटसकट. फक्त त्यांच्या भाषेत लिहिणार, आणि ती आमच्या टेस्टरइतकी सभ्य नसेल." मग त्यांनी घसा साफ केला. "दुसरं असं, आमची जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा नोटिशीत 'विकास' लिहिलं होतं. आमचे आबा तो शब्द अजून ऐकून घेत नाहीत. किरकोळ दुरुस्त्या मी लिहिणार नाही."

हे त्यांनी आम्हाला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी शेवटी मान्य केलं आणि डेट हलली. इम्राननं क्रम उलटा केला: आधी माळावरची घरं, मग उरलेल्या जागेत नदी आणि प्लॉट. काही गावांत नदी इतकी वाकडी झाली की ती नदी आहे की साप, कळेना. प्लॉट कमी निघाले. उशिराचं कारण म्हणून बेंगळुरूच्या मेलमध्ये 'टेस्टिंगकडून विलंब' असं गेलं. टेस्टिंगमध्ये मी एकटीच आहे. मी उत्तर दिलं, "बरोबर आहे," आणि कॉपी सगळ्यांना पाठवली.

रिलीज नोट लिहायचं काम तेव्हापासून माझ्याकडं नाही. ते आता बेंगळुरूहून तयार होऊन येतं आणि त्यात किरकोळ दुरुस्त्या असतात.

सुनंदाताईंनी अपडेट टाकलं त्या दिवशी मेसमध्ये माझ्यासमोर फोन धरला. अकरा घरं. नदी दुहेरी वळसा घालून घरांना खेटून गेलेली. मी वाट बघत होते की आता काहीतरी बरं बोलतील.

"नदी आनली पार दारात," त्या म्हणाल्या, "आन् धुनं धुवायला एक दगुड न्हाई ठिवला. कुसुम इचारती, ह्या गेमवाल्यांनी कवा कापडं धुतली हायत का न्हाई?"

घाटाची मागणी मी कामांच्या यादीत टाकली. दादांनी ती खाली सारली, मी वर आणली. सध्या वर आहे.

आणि एक नियम मी माझ्यापुरता करून टाकलाय. टेस्टसाठी सेव्ह आता ऑफिसात मागत नाही, मेसमध्ये मागते. ज्याचं जाऊ शकतं त्याच्या घरावर टेस्ट घ्यावी. स्वतःच्या घरावर घेतलेली पास होतेच. त्यात कौतुक काही नाही.