दल फुटलं तेव्हा

आमच्या पडवीत दल स्थापन झालं, त्या दिवशी मी आत पोह्यांना फोडणी देत होते. लग्न होऊन आरोंद्याजवळच्या एका खाडीकाठच्या गावात मी नांदायला आले होते. हे तिथल्या शाळेत मास्तर. मुलगी तेव्हा रांगत होती. पडवीत गावातली माणसं दाटीवाटीने बसली होती आणि सगळी पुस्तकी मराठी बोलत होती. एरवी 'खंय चललंस गो' म्हणून विचारणारी माणसं राष्ट्र, रक्त, बलिदान असे शब्द उच्चारू लागली की मला ती परकी वाटायची.

खाडीपलीकडे गोव्यात अजून पोर्तुगीज होते. ते जावेत असं सगळ्यांनाच वाटे, मलाही. दल त्यासाठीच आहे, असं हे म्हणाले. हे अध्यक्ष झाले आणि गावातला किराणा दुकानदार उपाध्यक्ष. दोघं जिवाभावाचे मित्र. देवळात समईवर हात धरून सगळ्यांनी शपथ घेतली. खाकी शर्ट शिवायला आमच्या शेजारणीकडे दिले. ती ख्रिश्चन. शिवणाच्या मशीनवर तिचं पोट चाले. तिचा नवरा पणजीला बेकरीत कामाला होता. हद्दीवरचे नाके बंद झाल्यापासून त्याला घरी येता आलं नव्हतं. माझ्या बाळंतपणात हीच माझ्या उशाशी बसली होती.

पलीकडचा शत्रू हळूहळू अलीकडे आला. आधी बैठकीत पोर्तुगिजांविषयी बोलत, मग त्यांच्या 'इथल्या माणसां'विषयी. एकदा जेवताना हे म्हणाले, "शेजारणीकडे जात जाऊ नकोस."

"का?"

"इथली खबर तिच्याकडून पलीकडे जाते."

"ती कसली खबर देणार? माझ्या पोलक्याचं माप?"

हे हसले नाहीत. पूर्वी अशा बोलण्यावर ठसका लागेपर्यंत हसणारा माणूस. वर्गात पाठ चुकलेल्या मुलाकडे बघावं तसे माझ्याकडे बघत राहिले. नवऱ्याची मला भीती वाटली ती तेव्हा पहिल्यांदा.

त्यानंतर गावाने तिच्याकडे कापड टाकणं बंद केलं. सकाळची लाठीची कवायत नेमकी तिच्या अंगणासमोर थांबायची, घोषणा व्हायच्या. तिने त्या बाजूची खिडकी लावून टाकली. हे शाळेत गेले की मी कुंपणावरून तांदूळ, नाहीतर आमटी देत असे. ती घ्यायची, पण बोलायची नाही.

दल फुटलं ते तिच्यावरून नव्हे. पुढे हे तसं सांगू लागले, म्हणून मुद्दाम लिहिते. भांडण झालं ते हुकूम कोणी द्यायचा यावरून. ह्यांचं म्हणणं, बैठकीत हात वर करून ठरवावं. दुकानदार म्हणाला, "सैन्यात मतं घेतात काय? एक नेता, एक शब्द." मग त्याने शेजारणीच्या घराला आग लावायची गोष्ट काढली, म्हणजे गावातले बाकीचे ख्रिश्चन आपोआप पळतील. ह्यांनी विरोध केला. दाराआड उभी राहून मी ऐकत होते. हे म्हणाले, "अजून ती वेळ आलेली नाही."

अजून. एवढंच.

अर्धी माणसं दुकानदाराबरोबर उठून गेली. गावात एकाच नावाची दोन दलं झाली. दोन्हीकडे तोच झेंडा, तीच शपथ, आणि दोघंही स्वतःला खरे म्हणवायचे. जे शब्द शेजारणीसाठी वापरले जात, ते आता आमच्यासाठी आले. मास्तर फितूर आहे. नाताळात तिने आमच्याकडे नेवऱ्या, म्हणजे करंज्या, पाठवल्या होत्या, त्या भर सभेत पुरावा म्हणून सांगितल्या गेल्या. दुकानात मला सामान मिळेना. विहिरीवर गेले की बायका गप्प होत.

एका दुपारी ते आले. दुकानदार पुढे, मागे लाठ्या घेतलेली पाचसहा माणसं. हे शाळेत होते. दुकानदार पडवीत आपल्या नेहमीच्या जागी बसला. दलाचा मूळ झेंडा ह्यांच्याकडेच राहिला होता. आता तो पुस्तकी बोलत नव्हता.

"वैनी, झेंडो खंय आसा? भायर काडा."

"माका म्हायत नाय," मी म्हटलं.

"मगे आमी सोदतंव."

ते आत शिरले तशी मी मुलीला उचललं आणि मागच्या दाराने पळाले. जायला दुसरं घरच नव्हतं. शेजारणीचं दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग दार जरासं उघडलं.

"माका भितर घे गो," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "आज तुका भय दिसता. माका रोज दिसता." पण बाजूला झाली.

चुलीमागच्या अंधारात आम्ही बसलो. मुलगी रडू नये म्हणून मी तिला छातीशी दाबून धरलं होतं. दारावर लाठी आपटली. शेजारण दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली. मला तिची पाठ दिसत होती.

"मास्तराची बायल हय इली?"

"माज्याकडे कोण येता रे? तुमीच बंद केलास ना सगळ्यांका?"

ते मागे फिरले. ती दाराला पाठ टेकून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

ह्यांना त्यांनी शाळेच्या वाटेवर गाठलं. लाठीचे हात ह्यांनीच शिकवलेली माणसं ती. उजवा हात कोपरात मोडला. पोलिसांत ह्यांनी कोणाचं नाव सांगितलं नाही. आठवड्याभरात आम्ही सावंतवाडीला बिऱ्हाड हलवलं. वाटलं, आता हे शहाणे होतील. हात वाकडा जुळला, आणि तो झोळीतून बाहेर निघायच्या आत नव्या खोलीत नवीन बैठक भरली. तिसरं दल. ती माणसं बोलू लागली की मी मुलीला कडेवर घेऊन तलावाकाठी जाऊन बसायची.

पुढे गोवा मोकळा झाला. गावची एक बाई बाजारात भेटली. तिने सांगितलं, शेजारणीचा नवरा आला, आणि दोघं घराला कुलूप लावून पणजीला गेली. जाताना तिने माझ्या मुलीची चौकशी केली होती. मला भरून आलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "डोळे का लाल झालेत?"

"धूळ गेली," मी म्हटलं.