बकेटमधला चहा

माझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, तीस-पस्तीस वर्षं पोकलेनवर ऑपरेटर होते. मी दौंडला कॉलेजला जाते तो रस्ता आपणच भरलाय, असं ते सांगतात. खरं-खोटं मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे त्या रस्त्यावर आपला हक्क आहे असं मलाही वाटून घ्यायचं असतं.

काम सुटल्यावर आबांच्या हाताला कंप सुटला. चहा कपातून बशीत आणि बशीतून पायजम्यावर. मग पाहुणे आले की ते म्हणायचे, "मी चहा सोडलाय." आणि पाहुणे गेले की चुलीपाशी बसून अर्धा ग्लास प्यायचे.

गेल्या वर्षी मांडवगणात, आमच्या शेजारच्या रानात, शेततळं खोदायला पोकलेन आलं. आबा रोज बांधावर जाऊन बसायचे. मशीनवर चढायचं नाही अशी आजीनं त्यांना शपथ घातली होती, कारण एकदा उतरताना त्यांचा पाय घसरला होता.

एका दुपारी ते मला म्हणाले, "चहा कर. ग्लास काठोकाठ भर आन् चल माझ्यासंगं."

"कुठं, आबा?"

"हात गेला का हाय, येवढंच बघायचंय."

त्यांच्या काळी साइटवर नवा ऑपरेटर आला की मुकादम भरलेला ग्लास मशीनच्या बकेटमध्ये ठेवायचा. नव्यानं मशीन गोल फिरवून तो ग्लास मुकादमापुढं आणायचा. चहा सांडला तर त्या दिवशी सगळ्यांची भांडी घासायची.

रानात त्या पोकलेनचा ऑपरेटर लिंबाखाली भाकरी खात होता. तो म्हणाला, "आबा, चावी तिथंच हाय. मी काय बघितलं न्हाई."

"आजी दिसली की शिट्टी मार," आबांनी मला सांगितलं. मला शिट्टी येत नाही, हे सांगायचं मी टाळलं.

मी ग्लास बकेटमध्ये ठेवून लांब झाले. आबा वर चढले, मशीन धडधडलं. बकेट उचललं गेलं आणि हळूहळू फिरू लागलं. मी ग्लासाकडेच बघत राहिले. आजी शेळीचा पाला डोक्यावर घेऊन बांधावर आली तेव्हा मी जोरात शिट्टी मारली. नुसती फुंकर निघाली.

बकेट मात्र अलगद आजीपुढं हातभर अंतरावर येऊन टेकलं. इंजिन बंद झालं. आजीनं आत वाकून पाहिलं. ग्लास काठोकाठ भरलेला होता, थेंबही खाली नव्हता.

"उतरा खाली!" आजी म्हणाली. "शपथ कुठं गेली?"

"मी कुठं चढलो? ह्यानं चढवलं," आबांनी लिंबाकडं बोट केलं.

ऑपरेटर तोंडात घास घेऊनच ओरडला, "मी बघितलंच न्हाई!"

आजीनं भारा खाली टाकला. ग्लास उचलला. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. तिनं सावकाश घोट घेतला.

"साखर कमी हाय," ती म्हणाली, आणि सगळा चहा प्यायली.

दुसऱ्या दिवशी तळेगावचे पाहुणे आले. आबांनी मोठ्यानं चहा मागितला. अर्धा त्यांच्या पायजम्यावर सांडला. पाहुणे गोरेमोरे झाले.

"आसं काय बघताय?" आबा म्हणाले. "माझा हात मशीनचा हाय, कपाचा न्हाई. इचारा हिला."

"व्हय," आजी म्हणाली, आणि पुन्हा ग्लास काठोकाठ भरला.