सुभेदारांच्या गाडीचा आवाज

गॅरेजात एवढे किस्से का साठतात, सांगू? इंजिन एकदा उघडलं की गिऱ्हाईक अडकतं. घरी जायला गाडी नाही, म्हणून ते बाकावर बसतं. आणि बसलेला माणूस किती वेळ गप्प राहणार? कुंडलला बापू मिस्त्रीचं गॅरेज आणि भिंतीला भिंत लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान. त्यामुळं सगळं मला बसल्या जागी ऐकू येतं. त्यात हसायचे किस्से लय आहेत. पण हल्ली आठवतात ते सुभेदारांचेच.

सुभेदार म्हणजे आमच्या गावचे रिटायर्ड फौजी. त्यांची जुनी मोटारसायकल लांबूनच ओळखू यायची. इंजिनातली टायमिंग चेन झिजून सैल पडलेली. खडखड, खडखड!

बापू दर वेळी म्हणायचा, "सुभेदार, चेन बदला. इंजिन मरतंय."

"आरं, रिटायर झालंय ते माझ्यासारखं. जरा आरडाओरडा करू दे की!"

* * *

एकदा आटपाडीचे एक मास्तर बाकावर बसले होते. त्यांनी विचारलं, "ही चेन करते तरी काय?"

बापू म्हणाला, "मास्तर, इंजिनाला दारं असत्यात. व्हॉल्व्ह म्हणायचं त्यास्नी. एक हवा-पेट्रोल आत घेतंय, एक धूर भायेर सोडतंय. दारं उघडतो कॅम, आन् कॅमला फिरवती ही चेन. ती सैल पडली की दार उघडायची येळ चुकती."

सुभेदार तिथंच होते. "आमच्या घरात न्हाई चुकत. माझी गाडी वळणावर आली की हिनं दार उघडलंच म्हणून समजा!"

"नशीबवान आहात," मास्तर म्हणाले.

"व्हय," म्हणून सुभेदार उगीचच बाहेर रस्त्याकडं बघत बसले.

* * *

मग ती चेन एकदाची गेलीच. सुभेदार बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन वडूजला गेले होते, काकूंच्या माहेरी. परत येताना चेननं चाकाचा दात सोडला, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळला आणि गाडी जागेवर बंद. टेम्पोत गाडी घालून दोघं थेट गॅरेजात आले.

बापूनं काकूंना बाकावर बसवलं, पाणी दिलं. काकू सुभेदारांकडं बघत हळूच त्याला म्हणाल्या, "मिस्त्री, हे पाव्हणं कोण हायत? वडूजपास्नं संगट आल्यात."

बापूला वाटलं, नवराबायकोची थट्टा चाललीय. "असतील कुणी फौजी!" म्हणून तो हसला.

सुभेदार हसले नाहीत. काकूंचा पदर डोक्यावरून घसरला होता, तो त्यांनी नीट केला आणि म्हणाले, "कवा कवा व्हतंय तिला असं."

* * *

बापूनं त्या इंजिनावर जीव ओतला. नुसती चेन नाही बदलली. जाड, मजबूत चेन घातली, आपोआप ताण धरणारा टेन्शनर बसवला, नवा कॅम, नवे व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह दाबायला रोलरवाले रॉकर. सगळं जुळवून किक मारली.

"ऐका सुभेदार! काय ऐकू येतंय?"

"काय न्हाई."

"तेच तर!"

बापू एवढा खूश झालेला मी कधी पाहिला नव्हता.

* * *

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडायच्या आधीच सुभेदार दारात उभे.

"बापू, आवाज परत घाल."

"आवं, असं कसं? नवं इंजिन झालंय!"

"तिनं दार न्हाई उघडलं. माझं तोंड इसरती, नाव इसरती. आवाज तेवढा ऱ्हायला हुता रं. तो आला की म्हणायची, आमचं मालक आलं."

बापूनं गॅरेज उघडून पाना हातात घेतला. जुनी चेन घालणं शक्यच नव्हतं, पुन्हा व्हॉल्व्ह वाकले असते. शेवटी त्यानं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे स्क्रू, जरा सैल ठेवले. टकटक आवाज यायला लागला. सुभेदार गाडी घेऊन घरापुढं गेले, मी आणि बापू मागं चालत.

काकू खिडकीत आल्या. कान देऊन ऐकलं. म्हणाल्या, "कुणाची शिलाई मशीन वाजतीया?"

गॅरेजात आल्यावर सुभेदारांनीच सांगितलं, "कर टॅपेट टाइट. इंजिनाला कशाला तरास!"

* * *

परवा संध्याकाळी सुभेदार मला घरी घेऊन गेले. दाराशी गाडी लावली. स्वतःच्याच दारावर त्यांनी पाहुण्यासारखी टकटक केली. काकूंनी दार उघडलं.

"सुभेदार हायत का घरात?" सुभेदारांनी विचारलं.

"न्हाईत. येतीलच आता. बसा की, च्या घ्या तवर."

आम्ही बसलो. काकूंनी चहा आणला, समोर बसल्या.

"माणूस कसा हाय वो तुमचा?" सुभेदारांनी विचारलं.

"लय चांगला," काकू म्हणाल्या. मग आवाज बारीक केला. "रजा संपवून ते पलटणीत निघायचं, तवा मी दारात हसत हुबी ऱ्हायची. आन् ते दिसंनासं झालं की गोठ्यात जाऊन रडायची. त्यास्नी कवा कळू दिलं न्हाई. तुमी बी सांगू नगा, पाव्हणं."

सुभेदारांनी कप खाली ठेवला.

"न्हाई सांगत," ते म्हणाले.