मामांची खात्री

अख्ख्या हैदराबादेत माझ्या मामांइतका संशयी माणूस दुसरा नसेल. हे विधान मी पुराव्याशिवाय करते आहे हे त्यांना कळलं, तर ते मला हिमायतनगरच्या घरात पाऊल ठेवू देणार नाहीत. बेगम बाजारात हळद घेताना ते ती बोटांवर चोळत, हुंगत, आणि वर दुकानदारालाच विचारत, "ही हळद आहे कशावरून?" मी पहिल्या वर्गात पास झाले तेव्हा पेढा तोंडात टाकण्याआधी त्यांनी माझी गुणपत्रिका उजेडाला धरून पाहिली. अशा माणसाला नोकरीही नेमकी तशीच मिळाली होती. शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात कामगारांच्या घरातल्या कुणाला कंपनीच्या इस्पितळाचं कार्ड द्यायचं आणि कुणाला नाही, हे मामा तपासत. बायको, मुलं आणि आईवडील, एवढ्यांनाच उपचार फुकट. बाकीचा गोतावळा बाहेर.

कागदांवर मामांचा काडीचा विश्वास नव्हता. "कागद काय, कोठीच्या चौकात उभ्या उभ्या टाइप करून मिळतो," असं म्हणून ते अर्ज बाजूला सारत आणि म्हणत, "माणूस आणा." माणूस आला की मामांच्या स्वतःच्या परीक्षा सुरू होत. खरी बायको नवऱ्याला वाक्य पुरं करू देत नाही, हा त्यांचा पहिला सिद्धांत. एका फिटरला त्यांनी लग्न कधी झालं विचारलं. तो "दसरे के पहले" म्हणतो न म्हणतो तोच बाई कडाडली, "पहले नक्को बोलो जी, बाद में! कुछ याद नहीं रहता इनकू." मामांनी त्याच क्षणी शिक्का मारला. खरी आई दारातून आत येतानाच मुलगा वाळला म्हणून सांगते, हा दुसरा. पण त्यांचा खरा अभिमान होता मुलांच्या परीक्षेचा. त्यासाठी त्यांच्या ड्रॉवरमध्ये संत्र्याच्या गोळ्या असत. पोराला गोळी द्यायची आणि गप्प बसायचं. गोळी तोंडात गेली की चिकट कागद उरतो. मूल तो कागद, न बघता, ज्याच्या हातात देतं ते त्याचं माणूस. "हे कोणी शिकवून येत नाही," मामा म्हणत, "आणि टाइपही करता येत नाही."

एकदा एका वेल्डरने मेहुण्याची मुलगी स्वतःची म्हणून आणली. पोरीने गोळी खाल्ली, इकडेतिकडे पाहिलं, आणि शेवटी कागद मामांच्याच हातात ठेवला. मामा म्हणाले, "ही तुझी नाही बाबा. आता बहुतेक माझी झाली." वेल्डर रडकुंडीला आला, "साब, बुखारच नहीं उतर रहा इसका." मामांनी कार्ड दिलं नाही ते नाहीच. संध्याकाळी मात्र तिला स्कूटरवर बसवून कोठीतल्या आपल्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेले.

मग ते दिवस आले. सरकारी कारखाने म्हणजे देशाच्या गळ्यातलं लोढणं, असं वर्तमानपत्रं रोज लिहू लागली. मुख्य कार्यालयातून फर्मान आलं की सगळ्या कामगारांनी आपलं कुटुंब नव्याने सिद्ध करावं. मी वडिलांच्या युनियनची पत्रकं वाचत अक्षरं शिकलेली मुलगी. जेवता जेवता मी गरजले, "ज्यांनी या देशाची यंत्रं घडवली, त्यांनी आता आपली आई खरी आहे हे दाखवायचं? हा अपमान आहे!" मामांनी शांतपणे भात कालवला. "भाषण छान आहे. पुरावा?"

नेमक्या त्याच सुमारास आत्याबाईंच्या खुब्याचा सांधा झिजला. आत्याबाई म्हणजे मामांची आणि माझ्या आईची आत्या. लहानपणीच विधवा होऊन परभणीकडच्या शेतावर माहेरी राहिलेल्या. भावजय गेली तेव्हा ही दोन लेकरं त्यांनी वाढवली आणि पुढे मामांबरोबर हैदराबादेत आल्या. बेगम बाजारापर्यंत पायी जाऊन मिरच्यांचा भाव पाडणारी ही बाई आता न्हाणीघरापर्यंतही भिंत धरून जाऊ लागली. डॉक्टर म्हणाले, नवा सांधा बसवा, नाहीतर खाट. तो खर्च फक्त कंपनीच्या कार्डावरच झेपणार होता.

मामींनी सोपा उपाय सांगितला, "सासूबाईंच्या नावापुढे आत्याबाईंचा फोटो लावा. कोण बघतंय?" मामा बोलण्याआधी आत्याबाईच म्हणाल्या, "न्हाई. याची माय माझी भावजय होती. लई गुणाची. तिच्या जागी मी बसायची न्हाई." तेव्हा मामांनी अर्जात नातं लिहिलं, आत्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो अर्ज स्वतःच्याच टेबलावर आल्यावर त्यावर लिहिलं, "आत्या पात्र नाही." आणि घरी येऊन चप्पल भिरकावत म्हणाले, "कसला दगड बसवलाय त्या टेबलावर!"

विभागात नव्याने आलेल्या तरुण मॅडमनी तो अर्ज पाहिला. नियमाच्या शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. आईच्या जागी सांभाळ करणारी व्यक्तीही चालेल, पण अधिकाऱ्याची खात्री पटायला हवी. म्हणाल्या, "ले के आओ उनकू."

मी आणि मामींनी आत्याबाईंना रिक्षातून मामांच्या ऑफिसात नेलं. मॅडमनी विचारलं, "माँजी, इनकू कौन पाला?" आत्याबाई संकोचल्या. "पाळतंय कोण कुणाला? वाढली लेकरं आपली." मी कपाळाला हात लावला. मॅडमनी पुन्हा विचारलं, कुणी शेजारी, कुणी साक्षीदार? "शेजारी समदे वर गेले," आत्याबाई म्हणाल्या. मामांनी ड्रॉवर उघडून एक गोळी तोंडात टाकली आणि आपल्याच विरुद्ध वाद घालू लागले, "मॅडम, ये तो सबूत नहीं हुआ. कोई बी बोलेंगा ऐसा. मैं रहता तो नहीं देता कार्ड."

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. "साब, गोली का कागज कहाँ है?"

मामांनी आपल्या हाताकडे पाहिलं. हात रिकामा होता. बोलता बोलता त्यांनी तो शेजारी नेला होता, आणि तिथे आत्याबाईंचा तळवा आधीच उघडा होता. त्या तो चिकट कागद घडी घालून कमरेला खोचत होत्या. मामांच्याही लक्षात आलं नव्हतं आणि त्यांच्याही. रुजू झाल्या त्याच दिवशी मामांनी मॅडमना ती परीक्षा तासभर समजावली होती. मॅडमनी अर्जातलं "आत्या" तसंच ठेवलं, खाली लिहिलं, "खात्री पटली," आणि सही केली. मामा गोळी चघळायचं विसरून बसले होते.

आत्याबाई पुन्हा बेगम बाजारात गेल्या, काठी टेकत, पण गेल्या. कारखान्याने पुढे मामांना स्वेच्छानिवृत्ती दिली. तिच्यातल्या स्वेच्छेवर माझं एक पत्रक तयार होतं, मामांनी त्यातही पुरावे मागितले. मग आत्याबाईही वारल्या, शेवटपर्यंत आपल्या पायांनी हिंडत्याफिरत्या.

मामा अजून दुपारच्या चहानंतर संत्र्याची गोळी खातात. कागद मात्र बराच वेळ बोटांत धरून बसतात. परवा मी शेजारी बसले होते आणि ते पेपरातल्या एका बातमीवर संतापून विचारत होते, "कशावरून? कशावरून म्हणतात हे?" मी हळूच हात पुढे केला. वाद न थांबवता, न बघता, त्यांनी कागद माझ्या हातात ठेवला. मी मूठ मिटून घेतली.