आण्णाप्पा तोलाराची मूठ

निपाणीच्या तंबाखू बाजारात आण्णाप्पा तोलारासारखा संशयी माणूस शोधून सापडला नसता. गाडी आली की आधी मूठभर पानं दाबून बघणार, मगच तोलायला काट्याला हात लावणार. "वजन भरतंय खरं, पर तंबाखूचं का दहिवराच्या पाण्याचं?" हा त्याचा ठरलेला सवाल. आणि संशय का नसावा हो? थोरली लेक, राजा नावाची, मोठ्या तोऱ्याच्या घरी दिली. जावयाला जगातलं सगळं ठाऊक! वर्षाच्या आत पोर पाठीवर वळ घेऊन माहेरी आली, ती कायमचीच.

म्हणून सन छत्तीसात धाकट्या मालूला स्थळ आलं, तेव्हा आण्णाप्पानं नवरामुलगाही दाबून बघायचं ठरवलं. मुलगा येळ्ळूरचा, केशव. बेळगावात हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. पाहुण्यांबरोबर तो मुलगी बघायला घरी आला, तेव्हा आण्णाप्पानंच सुरुवात केली.

"शिकवता काय, मास्तर?"

"सध्या पदार्थ. ज्याला वजन आहे, जो जागा अडवतो, तो पदार्थ."

इथंच थांबला असता तर! पण खरं बोलायची खोड. म्हणाला, "पुस्तकात असं आहे, मामा. पण आता शास्त्रज्ञ म्हणतात, दगडाच्या आतसुद्धा बहुतेक पोकळीच. आणि नुसती ऊब दिली तरी वस्तूचं वजन केसभर वाढतं."

"ऊब दिल्यावर वाढतं?" आण्णाप्पा ताडकन उठला. "तीस वर्सं तोलतोय मी! उन्हात तंबाखू हलकीच हुती."

"ते पाणी उडतं म्हणून. सगळंच पाणी उडालं तर?"

"तर भुगा हुतो. त्याला तंबाखू कोण म्हणंल?"

"मग तंबाखूचं खरं वजन कुठलं?"

आण्णाप्पानं सकाळी बाजारातनं मुठीत आलेलं पान पुन्हा दाबून बघितलं. केशव ओशाळून हसला. "आमचंबी असंच अडलंय, मामा. पदार्थ म्हंजे नेमकं काय, मला ठाऊक न्हाय."

पाहुणे गेले आणि आण्णाप्पाच्या तोंडाचा पट्टा सुटला. "मास्तर म्हणं! पोरांना शिकवतो आन् ठाव न्हाय म्हणतो! कायतरी काळंबेरं हाय. उद्याच नकार धाडतो."

राजा चुलीपाशी भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आप्पा, माझ्या नवऱ्याच्या तोंडातनं 'मला ठाव न्हाय' हे मी एकदा बी ऐकलं न्हाय."

आण्णाप्पानं मूठ उघडली. सकाळचं पान तसंच होतं, ते त्यानं खाली ठेवलं.

"मालूला इचार गं," तो म्हणाला. "तुझ्या येळंला तुला इचारायचं ऱ्हाऊन गेलं."