गोयलजींची उघडी शीट

"मैडम, मुझे सबूत चाहिए," गोयलजी म्हणाले. "एंट्री कितने बजे हुई, सब एक्सेल में आ जाए. फिर कल से ममता की छुट्टी."

गोयलजींचा सांगानेरला ब्लॉक प्रिंटच्या चादरींचा कारखाना आहे. नवऱ्याची बदली जयपूरला झाल्यापासून मी अशा छोट्या कारखान्यांची एक्सेलची कामं करते. ममता त्यांच्या गोडाऊनमध्ये बसते. तयार होऊन आलेला माल ती कॉम्प्युटरवर चढवते, आणि ती माहिती डेटाबेसमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साठ्यात जाते. गोयलजींच्या शीटमध्ये एक मॅक्रो आहे, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम. तो डेटाबेसला विचारतो, कुठला माल किती आहे, आणि उत्तर शीटवर मांडतो. माझ्या आधीच्या कुणीतरी तो लिहिला होता.

तक्रार अशी, की माल गोडाऊनमध्ये येऊन पडला तरी दिवसभर शीटवर दिसायचा नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाला गोयलजी 'माल नाही' सांगून बसले होते.

मी आधी ममताला गाठलं.

"सिस्टम लेता ही नहीं, मैडम," ती रडवेली झाली होती. "फाइल इन यूज बोलता है. शाम को सरजी के जाने के बाद डालती हूँ. खातीपुरा की बस रोज़ निकल जाती है."

"बहाना है!" गोयलजी म्हणाले. "मैं घर जाऊँ तो एंट्री हो जाती है, मैं बैठा हूँ तो नहीं होती. मतलब मुझे सताने के लिए!"

माझं डोकं तिथेच अडकलं. मालकाची पाठ वळली की जास्त काम करणारा कामचुकार मी तरी आजवर पाहिला नव्हता.

मी मॅक्रोचा कोड उघडला. डेटाबेसशी कनेक्शन जोडताना त्यात अट घातलेली होती: मी वाचतोय तोवर इतरांनी काही लिहायचं नाही. क्षणभरासाठी हे ठीक आहे. पण पुढे कनेक्शन बंद करायची ओळच नव्हती. शीट उघडी असेपर्यंत ते तसंच धरून ठेवलेलं.

"आप शीट दिन में कभी बंद करते हैं?"

"चलते धंधे में? कभी नहीं!" गोयलजी दचकलेच. इथले जुने व्यापारी रात्रीसुद्धा दुकान 'बंद' केलं म्हणत नाहीत, तो शब्द अशुभ; 'बढ़ा दिया', म्हणजे वाढवलं, म्हणतात. गोयलजी सकाळी सगळ्यांच्या आधी येतात, अगरबत्ती लावतात आणि शीट उघडतात. ती मिटते घरी जाताना, तीही हात जोडून.

मला हसू आलं, आणि रागही आला. त्या हात जोडण्यापायी एका बाईची नोकरी जायची वेळ आली होती.

श्रद्धेशी वाद घालून माझं काम होणार नव्हतं. मी ती अट काढली आणि उत्तर हाती आलं की कनेक्शन बंद, अशी ओळ घातली. मग गोयलजींची शीट उघडीच ठेवून ममताला फोन केला, "अब डालो." मॅक्रो चालवला. सकाळपासून अडलेल्या चादरी शीटवर आल्या.

गोयलजी खुर्ची ओढून स्क्रीनवर वाकले. "मतलब ताला मेरे यहाँ से लगा था?"

"जी. और सबूत वाली रिपोर्ट भी तैयार है. हर एंट्री आपके जाने के बाद की है. प्रिंट निकालूँ?"

"रहने दीजिए."

माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. पण संध्याकाळी मी निघताना ते स्वतः गोडाऊनच्या दारात उभे दिसले. आत बघून म्हणत होते, "ममता, बस नहीं पकड़नी?"

शीट अजून दिवसभर उघडी असते. माझी काही हरकत नाही. डेटाबेसला हवं ते विचारावं, उत्तर घ्यावं आणि बाजूला व्हावं. दार अडवून उभं राहायचं आणि आतल्या माणसाला आळशी म्हणायचं, एवढं मात्र करू नये.