हात माझं घ्या

कसबा बावड्यात कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला की लोक नबीलालकडं यायचे. पंख्यातली धूळ काढणं, जुन्या मशीनला नवी हार्डडिस्क जोडणं, असली कामं तो घरीच करायचा. गेल्या वर्षी त्याला लकवा मारला. वाचा शाबूत राहिली, पण उजवा हात उचलेना. कामाचं टेबल त्यानं कापडानं झाकायला लावलं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागला.

एक दिवस शेजारची संयोगिता कॉम्प्युटर घेऊन दारात आली. लेकीची परीक्षा तोंडावर आणि मशीन नुसतं पीं पीं करत होतं.

"दुसरीकडं न्या, ताई," नबीलाल म्हणाला. "माझ्याकडनं आता न्हाय व्हायचं."

त्याची बायको मेहमुदा शिलाई सोडून उठली. "ठेवा हितंच," म्हणत तिनं टेबलावरचं कापड ओढलं. "तुमी सांगा, मी करते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमाला कळतंय की! हात माझं घ्या."

पडल्या पडल्या तो सांगू लागला. तिनं झाकण उघडलं, रॅमची पट्टी काढली, खोडरबरानं तिची कड हळूच पुसली.

"आता बसव. दाब जोरात. खट्ट वाजलं पायजे."

खट्ट वाजलं. बटण दाबताच पंखा फिरला, पडदा उजळला. नबीलालच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं.

मेहमुदानं ते पदरानं पुसलं. "रडताय कशाला? अजून पेच कसायचं ऱ्हायल्यात. कुठला कुठं बसतोय, सांगा की."

डाव्या हाताचा आधार घेत तो उठला आणि टेबलाजवळ सरकला.